ताम्हण लावलं त्याला दोन उन्हाळे झाले, काळ्या मातीतला अनुभव

आधीच सांगून टाकतो, मे महिन्यात विहिरीला किंवा बोरला पाणी राहत असेल तरच ताम्हणाचं झाड लावा, नाहीतर सरळ बहावा लावा आन् मोकळे व्हा.

आमचं घर गावाबाहेर वावरातच आहे, समोर ऐसपैस जागा, जमीन भारी काळी. तिथं पहिले जुना गुलमोहर होता, उन्हाळ्यात लालभडक व्हायचा, पण मृगाआधीच्या वावधनात (वादळात) मुळासकट आडवा झाला. मुळं पाहिली तर सगळी वरच्यावर पसरलेली, खोल गेलेलीच नव्हती. खाली उभी असलेली बंडी (बैलगाडी) चेंदली, ढोरं गोठ्यात होती म्हणून वाचली. मग तिथंच फुलांचं मोठं झाड पाहिजे होतं पण गुलमोहर नको होता. ताम्हण आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल, तरी आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. शेजारचे काका तर रोज यायचे आन् म्हणायचे, "आंबा लावला असता तं पोट्ट्यायनं खाल्ला तरी असता, याचं काय चाटायचं?" उत्तर नव्हतंच माझ्याजवळ.

रोप घेताना एक लक्षात ठेवा. नर्सरीत ताम्हण मागितलं की कधीकधी त्याच जातकुळीतलं छोटं झुडूप हातात देतात, त्यालाही तशीच चुणीदार फुलं येतात पण ते डोक्याच्या वर फार जात नाही. पान पाहा. ताम्हणाचं पान चांगलं वीतभर लांब, जाडसर असतं, झुडपाचं पान बोटाच्या दोन पेरांएवढं. पहिल्या नर्सरीवाल्यानं मला तेच झुडूप दाखवलं आन् वरून "एकच आहे साहेब" म्हणाला. मी दुसरीकडून मोठ्या पिशवीतलं, माझ्यापेक्षा उंच रोप आणलं, महाग पडलं पण वानरं-बकऱ्यांच्या भागात लहान रोप जगवणं म्हणजे रोजची राखण.

खड्डा ३ बाय ३ फूट, तेवढाच खोल, मे महिन्यात खोदून उन्हात तापू दिला. मग निघालेली माती, थोडा मुरूम, शेणखत आन् निंबोळी पेंड असं भरून पहिला चांगला पाऊस झाल्यावर लावलं. घरापासून २५ फूट सोडले आन् लाईनच्या तारेखाली तर बिलकुल नाही, हे झाड ४०-५० फुटांपर्यंत जाऊ शकते.

आता खरी गोष्ट. पावसाळ्यात मला वाटलं होतं हे सडणार, कारण आमच्या इकडे ऑगस्टमध्ये झड लागली की काळ्या मातीत पाणी आठ-आठ दिवस हटत नाही. त्याच पाण्यानं आमच्या धुऱ्याजवळच्या संत्र्याला डिंक्या रोग लागला, पानं पिवळी पडली, आन् ताम्हण मात्र मस्त नवीन फुटवा काढून उभं. नंतर समजलं की हे झाड मुळातच नदी-नाल्याच्या काठचं आहे, पाय ओले राहिले तरी त्याला चालते. आपल्या जंगलातला लेंडिया याचाच भाऊ, पण तो कोरड्यात राहणारा, दोघांचा स्वभाव उलटा.

त्यामुळे याची परीक्षा उन्हाळ्यात. काळी जमीन एप्रिलमध्ये फाटते, भेगेत हात जाईल इतकी, त्यात बारीक मुळं तुटतात आन् झळ थेट आत जाते, वरून कितीही पाणी टाका ते भेगेतून खाली निघून जाते. यावर सगळ्यात चांगला इलाज निघाला सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा. आळ्यात वीतभर जाड थर, फक्त खोडापासून हातभर दूर, नाहीतर उधई (वाळवी) चढते. ठिबकची एक लॅटरल फिरवून ड्रिपर खोडाजवळ नाही तर पानांच्या घेराखाली लावले, दर ३-४ दिवसांनी ४०-५० लिटर पाणी, तेही रात्रीची लाईन आली की. पहिल्या नवतप्यात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) पारा ४५ च्या वर होता तेव्हा पानांच्या कडा करपल्या, ग्रीननेट पश्चिमेच्या बाजूनं बांधली, निभावलं. दुसऱ्या उन्हाळ्यात नेट लागली नाही.

हिवाळ्यात पानं तांब्यासारखी लाल होऊन गळतात, घाबरू नका. आमच्याकडे एक जण फवारायचं औषध घेऊनच आला होता, त्याला चहा पाजून परत पाठवला. खरा त्रास वानरांचा. मार्चमध्ये कोवळे शेंडे फुटतात आन् फुलांचे तुरे त्या शेंड्यांच्या टोकालाच येतात, म्हणजे शेंडा खाल्ला की त्या फांदीचं फूल गेलं. बोरीच्या काट्या बांधल्या, अर्धे शेंडे वाचले. रोह्यासाठी (नीलगायीसाठी) तारेचं कुंपण वेगळं, तो अंग घासून साल काढते.

यंदा मे महिन्यात फुललं. तुरा उभा असतो, कळ्या खालून वर उमलत जातात. एका फुलाला सहा पाकळ्या, धुऊन पिळून तशीच वाळत टाकलेल्या ओढणीसारख्या चुण्यांच्या, मधात पिवळ्या केसरांचा झुपका. सकाळी जांभळं गर्द, दुपारच्या उन्हात रंग उडून फिकट गुलाबी, त्यामुळे एकाच तुऱ्यात दोन-तीन रंग दिसतात. काळे मोठे भुंगे सकाळपासून घिरट्या घालतात. वास बिलकुल नाही, मोगऱ्याची सवय असणाऱ्यांची निराशा होईल. काका तुऱ्याखाली उभे राहून बघत होते, आंब्याचं नाव काढलं नाही त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी काढलं.

आता झाडावर गोल टणक बोंडं धरली आहेत, हिवाळ्यात उकलतील. कोणाला बी पाहिजे असेल तर सांगा, ठेवीन, पण बियापासून लावाल तर फुलासाठी चार-पाच वर्षं तरी धरून चला.