हंटर ३५०: साताऱ्याच्या घाटरस्त्यांवर वापरल्यानंतरचा अनुभव

सातारा फौजी लोकांचा जिल्हा, त्यामुळे बुलेटला इथे मान पहिल्यापासून आहे. अडचण होती ती वजनाची. कॉलेजच्या पोराला बुलेट आवडायची, पण राजपथाच्या गर्दीत ती वळवायची आणि उतारावर लावलेली मागे ओढायची म्हटलं की तो हलकी गाडी घ्यायचा. रॉयल एनफिल्डने ऑगस्ट २०२२ मध्ये हंटर ३५० आणली ती नेमकी या गिऱ्हाइकासाठी. खालचा अनुभव त्या पहिल्या आवृत्तीच्या मेट्रो मॉडेलचा आहे, उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचा. २०२५ च्या मॉडेलमध्ये जिथे फरक पडलाय, तिथे तसं सांगितलंय.

इंजिन कंपनीच्याच क्लासिक ३५० आणि मिटिअर ३५० या गाड्यांचं: ३४९ सीसी, ६१०० आरपीएमला २०.२ बीएचपी, ४००० ला २७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद. बदललंय ते इंजिनाच्या भोवतीचं सगळं. क्लासिकचं वजन १९५ किलो, मेट्रोचं १८१. क्लासिकला पुढे १९ आणि मागे १८ इंची चाकं, हंटरला दोन्हीकडे १७. दोन चाकांमधलं अंतर १३९० वरून १३७० मिलिमीटर. कागदावर हे आकडे किरकोळ वाटतात. यवतेश्वरच्या घाटात एका वळणातून लगेच उलट्या वळणात गाडी टाकताना ते कळतात. हंटर हँडलला हलका दाब दिला की झुकते, क्लासिकला अंगाने ढकलावं लागतं. पोवई नाक्याच्या कोंडीत आणि मंडईच्या बोळातही हाच फरक. आमचं स्पष्ट मत आहे की तरुण गिऱ्हाईक या चपळपणामुळे आलं. टाकीवरचे रंग आणि अक्षरं नंतरची गोष्ट.

आता मागच्या शॉकअपबद्दल. २०२२ च्या गाडीची ही सगळ्यात मोठी उणीव. मागे चाकाला वर-खाली व्हायला १०२ मिलिमीटरच जागा आहे आणि स्प्रिंग कडक. एकटा माणूस असेल तर खड्ड्याचा दणका सरळ कमरेत बसतो. कास रस्त्यावर पावसाने कडा तुटतात तिथे तर फार जाणवतं. उपाय दोन. शॉकअपची स्प्रिंग मऊ-कडक करायला सहा खाचा आहेत, एकट्याने चालवताना सी-पान्याने त्या सगळ्यात मऊ खाचेवर आणा, दोन्ही बाजूंना सारख्याच. मागे माणूस बसणार असेल तर दोन-तीन खाचा वाढवा. दुसरं, हवा. पेट्रोल पंपावर अंदाजाने भरपूर हवा मारतात आणि टायर दगडासारखा होतो. टायर थंड असताना गाडीवरच्या स्टिकरप्रमाणेच हवा भरा. २०२५ मध्ये कंपनीने मागे प्रोग्रेसिव्ह स्प्रिंग दिली, म्हणजे सुरुवातीला मऊ आणि दाबत जाल तशी कडक. सायलेन्सरची मांडणी बदलून खालची मोकळी जागाही १० मिलिमीटरने वाढवली. गावातल्या उंच स्पीडब्रेकरवर त्या १० मिलिमीटरची किंमत कळते. लोक ज्याबद्दल बोलत होते तेच दुरुस्त झालं, ही जमेची बाजू.

घाट चढताना टॉर्क कमी आरपीएमलाच मिळतो, तिसऱ्यात ४० च्या वेगाने गाडी न कुरकुरता ओढते. उतरताना बरेच नवे चालक चौथ्यात राहून मागचा ब्रेक दाबून धरतात. डिस्क तापते, ब्रेक ऑइल गरम होतं आणि पायाखाली ब्रेक मऊ लागायला लागतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेक दाबून-सोडून वापरा. पुढची डिस्क ३०० मिलिमीटरची आहे, खरं काम तिचं. जुन्या मॉडेलवर घाईत गिअर खाली टाकला तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक क्षणभर घसरतं. २०२५ पासूनच्या स्लिप-असिस्ट क्लचमुळे ते बरंच कमी होतं, शिवाय लिव्हरही हलका झालाय. पाच गिअर पुरतात. हायवेवर ९० पर्यंत गाडी निवांत, १०० च्या पुढे इंजिनाला त्रास देण्यात अर्थ नाही.

चेनकडे मात्र इथे जास्त लक्ष लागतं. कास पठाराचा जांभा पावसात बारीक तांबड्या गाळासारखा होतो, चेनच्या तेलाला चिकटतो आणि वाळला की पॉलिश पेपरचं काम करतो. बोट फिरवलं तर कड्यांमध्ये करकरीत कण हाताला लागतात. त्यावर तेल ओतू नका, तेलाबरोबर कण आणखी आत जातात. मागचं चाक मोकळं फिरेल असं गाडी उचलून धरा, इंजिन बंद ठेवा. मऊ ब्रश आणि रॉकेलने चेन धुवा. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग खराब होतात. फडक्याने कोरडी करून ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने थोडं लावा, थोड्या वेळाने वरचं पुसून टाका. चेनची ढील काढताना मागच्या चाकाचा एक्सल नट सैल करून दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवा आणि खुणा जुळवा. एका बाजूला अर्धी खूण जरी फरक राहिला तरी चाक तिरकं बसतं आणि चेन किट, म्हणजे चेन आणि दोन्ही चक्रं, लवकर जातं. चेन फार ताणूही नका, दोन माणसं बसली की ती आणखी ताणली जाते.

किक नाही, हे बुलेटवाल्या घरातल्या मंडळींना पटत नाही. त्यामुळे बॅटरी सांभाळा. गाडी उभी असताना बॅटरीला लावलेल्या व्होल्टमीटरवर १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं की चार्ज करून घ्या. इंजेक्शनची गाडी आहे, बॅटरी पूर्ण बसली तर ढकलूनही चालू होत नाही.

तरुणांमधली दुसरी हौस सायलेन्सर बदलण्याची. मोकळा सायलेन्सर लावला की पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडतं, रेस सोडताना सायलेन्सरमधून फटाके फुटतात, इंजिन जास्त तापतं. दंड होतो तो वेगळाच. हंटरच्या जे-सिरीज इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट आहे, जुन्या बुलेटची थरथर त्यात मुळातच नाही, आवाज बदलून ती परत येणार नाही.

किमतीचं गणित सप्टेंबर २०२५ मध्ये बदललं. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. हंटर ३४९ सीसीची, त्यामुळे फायद्यात. निव्वळ वेग हवा असेल तर चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० जवळपास दुप्पट ताकदीची आहे. त्या गिऱ्हाइकाच्या मागे हंटरने धावू नये. कंपनीने अजून वजन कमी करावं आणि मागच्या माणसाची सीट लांब करावी. आपल्याकडे तरुणाच्या गाडीवर आईसुद्धा बसते आणि तिला मेढ्यापर्यंत जायचं असतं.

सेकंडहँड हंटर बघत असाल तर रेट्रो आणि मेट्रो नीट ओळखा. रेट्रोला तारांची चाकं, ट्यूबचे टायर आणि मागे ड्रम ब्रेक आहे, घाटात पंक्चर झाली तर चाक खोलावं लागतं. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मध्यभागी अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. शॉकअपच्या दांड्यावर तेलाचा ओशटपणा आहे का ते बोटाने बघा. मागच्या चेनचक्राचे दात एका बाजूला वाकलेले दिसले तर अख्ख्या चेन किटचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.