गोचं मॅथ रँड, आवृत्ती २ : काही महिने वापरल्यावर

गो या प्रोग्रॅमिंग भाषेच्या १.२२ बरोबर, फेब्रुवारी २०२४ मध्ये, रँडम आकडे देणाऱ्या मॅथ रँड या पॅकेजची दुसरी आवृत्ती स्टँडर्ड लायब्ररीत आली. कित्येक महिने सर्व्हरच्या कोडमध्ये मी तीच वापरतोय. तिच्यातल्या एका फंक्शनसाठी तरी जुनं पॅकेज सोडावं, असं मनापासून सांगेन. त्या फंक्शनचं नाव नुसतं ‘एन’.

जुन्या पॅकेजमधलं इंटएन हे फंक्शन दिलेल्या मर्यादेच्या आतला रँडम आकडा देतं. त्याला इंट (पूर्णांकाचा नेहमीचा टाइप) द्यायचा, इंटच परत मिळायचा. हातात यूइंट३२ किंवा इंट६४ असा दुसरा पूर्णांक टाइप असला की कंपायलर अडवणार. सगळ्यात जास्त अडायचं वेळेपाशी. रिट्रायआधी किती थांबायचं ते रँडम ठरवायचं आणि उत्तराला टाइम डॉट सेकंदने गुणायचं, की आलीच ‘मिसमॅच्ड टाइप्स इंट अँड टाइम डॉट ड्यूरेशन’ ही एरर (ड्यूरेशन हा गोचा कालावधीचा टाइप). मग बरेच जण ड्यूरेशनलाच इंटमध्ये कोंबून इंटएनला देतात. एरर जाते, पण खरा धोका तिथूनच सुरू होतो. ड्यूरेशन म्हणजे इंट६४मधले नॅनोसेकंद. ३२ बिटच्या बोर्डावर इंटमध्ये मावतात फक्त २१४७४८३६४७, म्हणजे सव्वादोन सेकंदही नाहीत. तिथे ३ सेकंद दिले तर आकडा उणे होतो आणि इंटएन पॅनिक करतं, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पडू शकतो. ५ सेकंद दिले तर मात्र कुठेच बोंब होत नाही. मर्यादा गुपचूप ०.७ सेकंदांच्या आसपास येते. मला हा दुसरा प्रकार जास्त भयंकर वाटतो, कारण लॉगमध्ये काही सापडतच नाही.

एन जेनेरिक आहे, म्हणजे कुठल्याही पूर्णांक टाइपवर चालतं. ड्यूरेशन दिला की ड्यूरेशनच मिळतो, यूइंट३२ दिला की यूइंट३२. मधलं कन्व्हर्जनच गेलं, त्यामुळे आकडा कापला जायची जागाही गेली. नुसता १० लिहिला तर इंट मिळतो. इंट६४ हवा असेल तर तसं सांगावं लागतं. शून्य किंवा उणे दिलं तर एनही पॅनिक करतं, ती तपासणी आपलीच.

एक तक्रार आहे. गो १.२२ मध्ये सीड (दरवेळी तेच आकडे यावेत म्हणून दिलेला सुरुवातीचा आकडा) देऊन स्वतःचा जनरेटर बनवला की त्यावर एन मिळत नाही. ही आवृत्ती आली तेव्हा गोमध्ये मेथडला, म्हणजे टाइपला जोडलेल्या फंक्शनला, स्वतःचे टाइप पॅरामीटर घेता येत नव्हते, म्हणजे ती जेनेरिक करता येत नव्हती. त्यामुळे टेस्टमध्ये पुन्हा इंट६४एन, यूइंट३२एन असं निवडत बसावं लागतं. शिवाय पीसीजी आणि चाचा८ हे जनरेटर नवे असल्याने जुन्या सीडवर बेतलेले अपेक्षित आकडे बदलतात. हे काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

टोकन किंवा पासवर्डसाठी यातलं काहीच नको, तिथे सुरक्षित रँडम आकड्यांसाठीचं क्रिप्टो रँड पॅकेजच.