पीएचपी ८.२ मधल्या टाइप्ड प्रॉपर्टीज आणि सिरियलाइझ: काही महिने वापरल्यावर

एका वाचनालयाची सभासद-नोंदणीची साइट पीएचपी या वेब-प्रोग्रॅमिंग भाषेच्या ७.३ आवृत्तीवरून ८.२ वर नेली, त्याला आता बरेच महिने झाले. या काळात सगळ्यात जास्त हाताखालून गेल्या त्या टाइप्ड प्रॉपर्टीज, म्हणजे कोणत्या प्रकारची किंमत बसेल हे आधीच जाहीर केलेल्या क्लासमधल्या प्रॉपर्टीज. २०१९ च्या अखेरीस ७.४ सोबत त्या आल्या. क्लासच्या वरच्या चार ओळी वाचल्या की सभासद क्रमांक इंट (पूर्णांक) आहे, नाव स्ट्रिंग (मजकूर) आहे, फोन नल (रिकामा) असला तरी चालतो, हे लगेच कळतं. पूर्वी त्यासाठी अख्खी फाइल चाळावी लागायची. कन्स्ट्रक्टर म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणारी मेथड; तिच्या पॅरामीटरमध्येच प्रॉपर्टी जाहीर करायच्या ८.० मधल्या सोयीमुळे, म्हणजे कन्स्ट्रक्टर प्रमोशनमुळे, तर प्रॉपर्टी एकदा वर, एकदा पॅरामीटरमध्ये आणि पुन्हा आत असं तीनदा लिहिणंही गेलं. याला माझ्याकडून पूर्ण गुण.

पण ऑब्जेक्ट सिरियलाइझ करून (म्हणजे साठवता येईल अशी स्ट्रिंग बनवून) सेशनमध्ये किंवा कॅशेत ठेवत असाल, तर जपून. नवा कोड सर्व्हरवर डिप्लॉय झाला की क्लास बदलतो, साठवलेली स्ट्रिंग मात्र जुनीच राहते.

समजा, मेंबर क्लासमध्ये ब्रँच ही नवी स्ट्रिंग प्रॉपर्टी प्रमोशनने घातली आणि डिफॉल्ट दिलं 'मेन'. नवे ऑब्जेक्ट व्यवस्थित बनतात. जुन्या सेशनमधून आलेल्या ऑब्जेक्टवर ब्रँच वाचायला गेलात की एरर: प्रॉपर्टी इनिशियलाइझच झालेली नाही. कारण स्ट्रिंगमधून पुन्हा ऑब्जेक्ट बनवणारं अनसिरियलाइझ कन्स्ट्रक्टर चालवत नाही, आणि प्रमोशनमधलं डिफॉल्ट पॅरामीटरचं असतं, प्रॉपर्टीचं नव्हे. तीच प्रॉपर्टी क्लासमध्ये वेगळी जाहीर करून तिथे डिफॉल्ट द्या, जुन्या ऑब्जेक्टलाही ते मिळतं. म्हणून जे क्लास साठवले जातात, त्यांत आम्ही प्रमोशन वापरतच नाही.

टाइप बदलतानाही हेच. पिनकोड इंटचा स्ट्रिंग केला, तर जुना आकडा आपोआप बदलून मिळत नाही, सरळ टाइप-एरर येतो. प्रॉपर्टी काढून टाकली, तर जुन्या स्ट्रिंगमधली ती आता डायनॅमिक, म्हणजे क्लासमध्ये जाहीर नसलेली, प्रॉपर्टी ठरते; त्याबद्दल ८.२ डेप्रिकेटेडचा (हे पुढे बंद होणार असा) इशारा देतं आणि लॉग भरत जातो. अलाउ-डायनॅमिक-प्रॉपर्टीज हे अ‍ॅट्रिब्यूट लावून तो गप्प करता येतो, पण मी ते करणार नाही. तो इशारा उपयोगाचा आहे.

यावर ७.४ पासूनचं उत्तर म्हणजे सिरियलाइझ आणि अनसिरियलाइझ या दोन मॅजिक मेथड्स, म्हणजे आपण क्लासमध्ये लिहायच्या आणि पीएचपीने योग्य वेळी आपोआप बोलवायच्या मेथड्स. एक साधा अ‍ॅरे परत देते, दुसरी तो वाचते. आम्ही अ‍ॅरेत आवृत्ती क्रमांकही ठेवतो. जुनी आवृत्ती दिसली की नसलेली किल्ली तिथेच भरायची, पिनकोड तिथेच स्ट्रिंग करायचा. कोड थोडा वाढतो, पण काय साठतं ते डोळ्यांसमोर असतं. याच कामाची जुनी स्लीप-वेकअप ही मेथड्सची जोडी नव्या कोडमध्ये लिहू नका. क्लासचं नाव मात्र याही पद्धतीत स्ट्रिंगमध्ये राहतं, त्यामुळे नाव बदललंत तर जुना डेटा 'अपुऱ्या क्लासचा' (पीएचपीला मूळ क्लास न सापडलेला) ऑब्जेक्ट म्हणून परत येतो.

मराठी नावं साठवणाऱ्यांनी हे तर नक्की पाहावं. सिरियलाइझ प्रत्येक स्ट्रिंगच्या आधी तिची लांबी लिहितं, आणि ती अक्षरांत नाही, बाइटमध्ये मोजतं. यूटीएफ-८ मध्ये 'आशा' म्हणजे ९ बाइट, 'आशाताई' म्हणजे १८. कुणी डेटाबेसच्या डंपमध्ये (मजकूर-फाइलीतल्या प्रतीत) थेट 'आशा'चं 'आशाताई' केलं आणि लांबीचा ९ तसाच राहिला, की अनसिरियलाइझ फॉल्स देतं, म्हणजे त्या नोंदीतलं काहीच हाती लागत नाही.

म्हणून डेटाबेसमध्ये आता फक्त जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहायची सर्वत्र चालणारी पद्धत) ठेवतो. जेसन-एन्कोड नुसत्या पब्लिक प्रॉपर्टीज घेतं, तेव्हा जेसन-सिरियलायझेबल इंटरफेस लावून हवं ते स्वतः द्या. अनएस्केप्ड-युनिकोडचा फ्लॅगही लावा, नाहीतर 'आशा'च्या जागी नुसते युनिकोडचे आकडे दिसतात. आणि कुकीतून किंवा फॉर्ममधून आलेली स्ट्रिंग अनसिरियलाइझला कधीच देऊ नका. समोरचा माणूस हवा तो ऑब्जेक्ट आत घुसवू शकतो. कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट बनू द्यायचे ते ठरवणारा अलाउड-क्लासेस हा पर्याय ७.० पासून आहे, आम्ही तो कॅशे वाचतानाही लावतो.