रंगाखाली पुट्टी, बिलात पावडर कोटिंग: एका इंटरसेप्टरची कॅफे रेसर होताना झालेली फसवणूक

गाडी पुण्यातली, रॉयल एनफील्डची बीएस६ इंटरसेप्टर ६५०. कॅफे रेसर, म्हणजे जुन्या रेसच्या ढंगाची खाली वाकून चालवायची गाडी, करून द्यायचे १,६०,००० रुपये ठरले. १,००,००० आगाऊ यूपीआयने गेले, पक्के बिल मिळाले नाही. दोन महिन्यांचा वायदा सात महिन्यांवर गेला. शेवटी हातात आलेली गाडी दिसायला देखणी होती. काळी टाकी, सोनेरी पट्टा, सपाट सीट, मागे कुबड, खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल. चारशे किलोमीटरच्या आत ती वळणावर बंद पडू लागली, उन्हात उभी केली की पेट्रोलचा वास येऊ लागला आणि प्रत्येक खड्ड्याला सीटखालून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. गाडी पूर्ण उघडल्यावर जे सापडले ते इथे तपशिलाने देत आहोत. गॅरेजचे नाव महत्त्वाचे नाही, कारण हेच प्रकार वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या गाड्यांवर चालतात.

आधी तो ‘टक्’. सपाट सीटसाठी चेसिसचा मागचा भाग कापून तिथे अर्धगोल पाइप, म्हणजे लूप, जोडतात. योग्य पद्धत अशी: मूळ पाइपच्या आत घट्ट बसणारी पोलादी बाही लेथवर करून घ्यायची, ती सांध्याच्या दोन्ही बाजूंना किमान ४०-५० मिमी आत जायला हवी. पाइपला भोके पाडून तिथून बाहीला प्लग वेल्ड मारायचे आणि मग सांध्याला गोल वेल्ड. कटर शॉकअपच्या वरच्या माउंटच्या पुढे अजिबात जाता कामा नये. या गाडीत बाही नव्हतीच. दोन पाइप तोंडाला तोंड लावून वरवर वेल्ड केले होते, वेल्ड दिसू नये म्हणून ग्राइंडरने सपाट घासले होते, म्हणजे होती नव्हती ती ताकदही घासून टाकली, आणि वर पुट्टी भरली होती. डाव्या सांध्याला केसाएवढी चीर गेली होती. नखाने पुट्टी खरवडली तर तिची पापडी निघून आली आणि आत गंजाची तांबूस रेघ दिसली. त्या सांध्यावर माणूस बसत होता.

हाती आलेल्या कच्च्या बिलात मात्र ‘चेसिस पावडर कोटिंग’ असे ९,००० रुपये लावलेले. इथे खोटेपणा आपोआप उघडा पडतो. पावडर कोटिंग भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजतात, आणि साधी बॉडी पुट्टी त्या उष्णतेत टिकत नाही. जिथे तशी पुट्टी आहे तिथे पावडर कोटिंग झालेलेच नसते. कापडावर थिनर घेऊन चेसिसच्या आतल्या बाजूला घासा. साध्या स्प्रेचा रंग कापडावर उतरतो, नीट भाजलेले कोटिंग उतरत नाही.

आता विजेचे. कॅफे रेसरवाल्यांचा अड्डा असलेल्या लंडनच्या एस कॅफेसमोर १९६० च्या आसपास ज्या गाड्या उभ्या असत, त्यांत मोजक्या वायरी आणि कार्ब्युरेटर. आजच्या गाडीत ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ऑक्सिजन सेन्सर, रोल सेन्सर आहेत आणि ते एकमेकांशी बांधलेले आहेत. जुन्या गाडीवर हात बसलेला माणूस नवीन गाडीला हात लावतो तेव्हा निम्मा घोटाळा अज्ञानातून होतो, उरलेला अज्ञान झाकण्यातून. गाडी आडवी पडली की इंजिन बंद करणारा रोल सेन्सर इथे सीटच्या कुबडात तिरका, टायने बांधलेला होता. तो मूळ जसा बसतो त्याच कोनात आणि घट्ट बसायला हवा. तिरका बसला की गाडी वळणावर झुकताच त्याला ती पडल्यासारखी वाटते. ‘ईसीयू खराब आहे, २२,००० लागतील’ असे मालकाला सांगितले गेले होते. सेन्सर सरळ बसवला आणि गाडी बंद पडायची थांबली.

एबीएसचे युनिट तर जागेवरच नव्हते. ब्रेकचा पाइप मास्टर सिलिंडरवरून थेट कॅलिपरला नेला होता. हे लक्षात येऊ नये म्हणून बाजारातला गोल मीटर बसवला, ज्यात एबीएसचा दिवाच नाही. १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, आणि या युनिटला सुट्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. गाडी ताब्यात घेताना चावी फिरवा. एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि गाडी थोडी पुढे चालल्यावर विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर सिस्टिममध्ये बिघाड आहे. मुळात लागलाच नाही तर तो उडालाय, काढलाय किंवा झाकलाय.

सगळ्यात जास्त पैसे ‘रीमॅप’च्या, म्हणजे ईसीयूतले इंधनाचे गणित बदलण्याच्या, नावाने उकळले: १८,०००. एअरबॉक्स, म्हणजे मूळ एअर फिल्टरची पेटी, काढून शंकूसारखे फिल्टर लावले की इंजिनाला हवा वेगळ्या तऱ्हेने मिळते आणि इंधनाचे प्रमाण नव्याने जुळवावे लागते, हे खरे. त्यासाठी गाडी डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवून प्रत्येक आरपीएमला हवा-इंधन गुणोत्तर मोजतात. पूर्ण थ्रॉटलला ते १३ : १ च्या आसपास ठेवतात. इथे हवेच्या तापमानाच्या सेन्सरची वायर सोलून त्यात एक रेझिस्टर घातला होता, काळ्या हीट श्रिंकमध्ये (तापवली की आवळणाऱ्या नळीत) गुंडाळलेला, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. या सेन्सरचा रोध थंडीत वाढतो. रेझिस्टर जोडला की ईसीयूला हवा थंड भासते आणि तो सरसकट जास्त पेट्रोल सोडतो. सुरुवातीला ‘पिकअप वाढला’ असे वाटते, पुढे प्लग काळे पडतात, मायलेज पडते. दहा रुपयांचा तो रेझिस्टर. रीमॅपचे पैसे देताना आधीचा आणि नंतरचा, दोन्ही डायनो ग्राफ मागा. ग्राफ नसेल तर रीमॅप झालेला नाही असे समजा.

टाकी ‘हाताने ठोकलेली पत्र्याची’ म्हणून विकली होती, निघाली फायबरची. लोहचुंबक लावला असता तर तिथेच कळले असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पॉलिएस्टर रेझिनला मऊ करते, म्हणून तो वास. मूळ टाकी, मूळ शॉकअप आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटालिटिक कन्व्हर्टरसकट मूळ एक्झॉस्ट परत मिळाले नाहीत, ‘भंगारात गेले’ असे उत्तर आले. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते. ते भंगार नव्हे, तो माल आहे. ‘नवीन’ टायरवरचे चार आकडे १८१९ होते, म्हणजे २०१९ च्या अठराव्या आठवड्यातला टायर.

हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. क्लिप-ऑन आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा दबत असेल तर गाडी घेऊ नका. इंजिन चालू ठेवून हेच करताना आरपीएम चढले तर थ्रॉटलची वायर ताणली जातेय.

‘आरटीओचे आम्ही बघतो’ या शब्दावर १२,००० गेले, कागद एकही आला नाही. येणारही नव्हता. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा आरसीवरची नोंद वेगळी पडेल असा बदल करू देत नाही. १८२अ(४) नुसार दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि ते मालकाला. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर कापलेला चेसिस बघूनच फाइल बाजूला ठेवू शकतो.

कॅफे रेसरचा नाद चुकीचा नाही. पण आधुनिक गाडीवर तो नटबोल्टचा ठेवा: क्लिप-ऑन, रिअरसेट (मागे सरकवलेले पाय ठेवायचे फूटरेस्ट), सीट, आरसे. चेसिस, एबीएस आणि एअरबॉक्स यांना हात लावू देऊ नका. याच इंजिनावर कंपनीची कॉन्टिनेंटल जीटी मिळते, तिचे कित्येक भाग कामाला येतात. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, आणि दुसरा हप्ता वेल्डिंग-वायरिंग रंगाआधी उघडे बघितल्यावरच. काढलेला प्रत्येक मूळ भाग यादी करून, सही घेऊन त्याच दिवशी घरी आणा. ‘कारागिराला आवडत नाही’ म्हणून कच्ची गाडी दाखवायला टाळाटाळ झाली, तर तिथूनच गाडी उचला.

ज्यांची गाडी आधीच अशी झाली आहे त्यांनी ती दुसरीकडे उघडण्यापूर्वी सगळीकडून फोटो आणि व्हिडिओ काढावेत. व्हॉट्सॲपवरचे बोलणे, यूपीआयच्या नोंदी जपाव्यात, लेखी नोटीस पाठवावी. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. आणि तो रेझिस्टर, कापलेली वायर, पुट्टीची पापडी असलेला पाइप फेकू नका. पिशवीत घालून तारखेसकट ठेवा, आयोगापुढे तोच पुरावा असतो.