रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट? कुलपं दोन आहेत

नागपूरच्या बर्डीतल्या टायपिंग क्लासची फी भरण्याआधी पोरं हमखास विचारतात, "इनस्क्रिप्ट चांगलं म्हणे, पण चालतं रेमिंग्टनच. काय शिकू?"

दोन्ही मराठी टायपिंगच्या कळांच्या मांडण्या. रेमिंग्टन ही टाइपरायटरची. कागदावर जे आधी उमटायचं ते आधी दाबायचं, म्हणून 'कि'मध्ये वेलांटी पहिली, क नंतर. अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा. 'ख', 'ण' अर्धं अक्षर आणि काना मिळून जुळवायचे. पाठांतर फार, पण एकदा बसलं की हात पळतो.

इनस्क्रिप्ट १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. क आणि ख एकाच कळीवर, शिफ्ट दाबली की ख. ज्याला बाराखडी येते त्याची अर्धी मेहनत वाचते. शिवाय बंगाली-तेलुगूतही क त्याच कळीवर.

मग रेमिंग्टन टिकलं कसं? इंग्रजीच्या नेहमीच्या क्वर्टी मांडणीबद्दल हाच वाद झाला. १९८५ मध्ये अर्थशास्त्रज्ञ पॉल डेव्हिड यांनी मांडलं की बाजार आधी रुळलेल्या, पण कमी दर्जाच्या मांडणीत अडकला. १९९० मध्ये लीबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी उलटतपासणी घेतली: क्वर्टीची प्रतिस्पर्धी ड्वोरॅक मांडणी सरस असल्याचे पुरावेच कच्चे, आणि ज्या नौदल चाचणीचा दाखला सगळे देतात तिच्याशी ती मांडणी बनवणाऱ्या ड्वोरॅक यांचाच संबंध. (पेटंट त्यांचंच, १९३६ चं!) मला दुसरी बाजू पटते. मांडणीतला फरक सवयीपुढे किरकोळ.

आपल्याकडे खरं कुलूप फॉन्टचं आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये 'नागपूर' दिसतं, पण फाइलच्या पोटात असतं यू-के-एक्स-आय-डब्ल्यू-जे. फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर तेच दिसणार. 'नागपूर' शोधलं तर सापडणार नाही. लोक हे खापर रेमिंग्टनच्या माथी फोडतात, पण तीच मांडणी ठेवून युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखंच वाचलं जाणारं अक्षरांचं मानक) देणारी साधनं केव्हाचीच आली आहेत.

म्हणून हात कोरे असतील तर इनस्क्रिप्ट. भरतीच्या जाहिरातीत किंवा परीक्षेत रेमिंग्टनच मागितलं असेल, तर वाद घालू नका, तेच शिका. मिनिटाला ३० शब्द गाठायचे आहेत, क्रांती करायची नाही. कोर्टाजवळ पंधरा वर्षं प्रतिज्ञापत्रं बडवणाऱ्याने मांडणी बदलूच नये. वेग पडेल, गिऱ्हाईक थांबणार नाही. त्याने फक्त कृतिदेव सोडावं. इंग्रजी अक्षरांत मराठी टायपून काम भागवणं व्हॉट्सअ‍ॅपला ठीक, दिवसाला चाळीस पानं असतील तर नाही.

जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढता येतात. मात्र रफार नीट बघा: जुन्या फॉन्टात तो अक्षरानंतर मारलेला असतो, युनिकोडमध्ये आधी येतो. 'कर्ज', 'अर्जदार' असले शब्द तिथेच फसतात, आणि कोर्टाच्या कागदावर ते दर दोन ओळींनी येतात.