जगातल्या भुतांचे पत्ते घेतले, क्राकेन सोडून सगळे आवडले

तान्ह्या पोळ्यासाठी भाच्याला लाकडी नंदी घ्यायला नागपुरात बर्डीवर गेलो होतो, नंदी राहिला बाजूला आणि हातात आला हा डबा. जगभरातली भुतं, राक्षस, अजब प्राणी यांचे ट्रम्प कार्ड, ६० पत्ते, मराठीत, किंमत ३९९. कंपनीचं आणि दुकानाचं नाव लिहीत नाही कारण खाली थोडं बोललो आहे त्यांना, पण काळा डबा आहे, वर एक डोळ्याचा राक्षस, खेळण्यांच्या गल्लीत फिराल तर दिसेलच.

आमच्या वयाच्या लोकांना सांगायची गरज नाही, लहानपणी कुस्तीवाल्यांचे पत्ते खेळलो तोच प्रकार. तेव्हा हाइट, वेट, चेस्ट, फाइट असायचं, इथं उंची, ताकद, वय आणि भीती. आपण एक आकडा ओरडायचा, ज्याचा मोठा त्याला दोन्ही पत्ते. तीन आठवडे झाले, रोज संध्याकाळी हेच खेळून राहिलो आहे आम्ही, मी, भाचा (वय ७), ताई अधूनमधून आणि माझी आई, जी सुरुवातीला "घरात भुतं काहून आणली" म्हणून ओरडली आणि आता सगळ्यात जास्त तीच खेळते.

आधी चांगलं सांगतो. चित्रं एक नंबर आहेत. जपानच्या कप्पाचा पत्ता बघा, नदीत राहणारं, पाठीवर कासवासारखं कवच असलेलं पोराएवढं भूत, डोक्यावर बशीसारखा खोलगट भाग आणि त्यात पाणी. चित्रकारानं त्या पाण्यात चंद्र काढला आहे, इतका बारीक की मला चष्मा लावून दिसला, भाच्याला आधी दिसला. आणि पत्त्याच्या तळाशी लाल पट्टीत लिहिलं आहे, "बचाव: वाकून नमस्कार करा." कारण कप्पा भयंकर असला तरी रीतभात पाळणारा आहे, आपण वाकलो की तोही वाकतो, डोक्यातलं पाणी सांडते आणि ताकद संपते. काकडी त्याची जीव की प्राण, जपानमध्ये काकडीच्या सुशी रोलला कप्पामाकीच म्हणतात. आमच्याकडं आता जेवताना काकडीची फोड ताटात आली की हा पठ्ठ्या आधी ताटाला वाकून नमस्कार करते, आईला वाटलं पोरगा सुधरला.

ही "बचाव"ची पट्टी म्हणजे या डब्यातली खरी वस्तू आहे, माझं मत विचाराल तर बाकी आकडे चुलीत घाला. पोराला एकाही पत्त्याची ताकद पाठ नाही पण बचाव सगळे पाठ आहेत. पूर्व युरोपातला व्हॅम्पायर घ्या, त्याच्या थडग्यात खसखस टाकायचे, का तर त्याला मोजायची खोड, एकेक दाणा मोजत बसते आणि सकाळ होते. हे ऐकल्यावर आई म्हणाली, "म्हणूनच आपल्याकडं मोहरीनं दृष्ट काढते का रे?" आता ते तसंच आहे का मला काय माहीत, पण विषय निघाला तो दोन तास पुरला.

चीनचं जिआंगशी म्हणजे मेलेला माणूस, अंग लाकडासारखं ताठ, त्यामुळं चालता येत नाही, दोन्ही हात पुढं करून उड्या मारत येतो, अंगात जुन्या सरकारी साहेबासारखा झगा. कपाळावर मंत्र लिहिलेला पिवळा कागद चिकटवला की जागेवर थांबतो, आणि श्वास रोखून धरला तर त्याला आपण सापडत नाही. त्या रात्री लाइट गेली होती, आणि भाचा कपाळावर किराण्याची चिठ्ठी चिकटवून हॉलमधून स्वयंपाकघरात टणाटण उड्या मारत आला, ताईच्या हातातलं वरणाचं भांडं पडता पडता राहिलं. चिठ्ठीवर "शेंगदाणे अर्धा किलो" लिहिलं होतं, चाललं तेवढं मंत्र म्हणून.

आता गडबड सांगतो. ६० पैकी फक्त २२ पत्त्यांवर ही बचावची पट्टी आहे, मी मोजले. बाकीच्यांवर नुसती दोन ओळींची माहिती. आणि जिथं बचाव हीच गोष्ट आहे तिथंच तो नाही! प्रागच्या गोलेमचं घ्या ना, मातीचा माणूस, ज्यू धर्मगुरूनं आपल्या लोकांच्या रक्षणासाठी केलेला, कपाळावर हिब्रूत "एमेत" म्हणजे सत्य असं लिहिलेलं, त्यातलं पहिलं अक्षर पुसलं की उरते "मेत", म्हणजे मेलेला, आणि गोलेम पुन्हा मातीचा ढीग. एका अक्षरावर उभा असलेला राक्षस! आणि पत्त्यावर काय छापलं, "मातीचा बनलेला शक्तिशाली जीव, ताकद ८८." झालं. अरे काय करू मी त्या ८८ चं.

आकड्यांचा तर आनंदच आहे. पश्चिम आफ्रिकेतला अनान्सी, म्हणजे कोळी, त्याची ताकद दिली आहे १२, डब्यातली सगळ्यात कमी. ज्यानं देवाकडून जगातल्या सगळ्या गोष्टी विकत घेतल्या त्याला १२! किंमत म्हणून देवानं अजगर, गांधीलमाश्या, बिबट्या असं सगळं पकडून आणायला सांगितलं होतं. यानं अजगराला काय म्हटलं, तू लांब आहे का ही काठी लांब, पैज लागली आहे, जरा शेजारी सरळ लेट ना भाऊ, आणि लेटल्यावर बांधून टाकला काठीला. गांधीलमाश्यांवर पाणी ओतलं, पाऊस आला पाऊस आला या माझ्या भोपळ्यात बसा, आणि वरून बूच. ही गोष्ट पत्त्यावर नाही, मी सांगितली, तेव्हापासून भाचा अनान्सी आला की ताकद लपवून "मी वय बोलतो" म्हणते आणि कधीकधी जिंकतेही, म्हणजे पोरगा कोळ्यावरच गेला.

आणि क्राकेन. हा पत्ता ज्याच्या हातात तो जिंकला, डाव संपला. नॉर्वेच्या समुद्रातला राक्षस, जहाजं बुडवणारा, त्याची उंची छापली आहे २४०० मीटर. मला वाटलं छापायची चूक असेल. मग डोक्यात आलं की ही १७५० च्या आसपासच्या बर्गनच्या बिशपची, पाँटोपिडानची कृपा आहे, त्यानं नॉर्वेच्या प्राण्यांवर ग्रंथ लिहिला त्यात क्राकेनच्या पाठीचा घेर दीड मैल सांगितला आहे. म्हणजे घेर होता, कंपनीनं उभा केला. यामागं खरा प्राणी बहुतेक महाकाय स्क्विड, तो फार तर १२-१३ मीटर भरतो, आणि तोही इतका लाजाळू की समुद्रात जिवंत असताना त्याचे पहिले फोटो २००४ मध्ये मिळाले, जपानी शास्त्रज्ञांना, तेही खोल समुद्रात आमिषाला कॅमेरा बांधून. हे लिहायला जागा नव्हती का, समुद्राचं निळं पाणी तर अर्धा पत्ता आहे. आम्ही आता क्राकेन डब्यातच ठेवतो, खेळायचं असेल तर तुम्हीही तेच करा.

खऱ्याखोट्याच्या बाबतीत हा सेट जरा बेजबाबदार आहे असं माझं म्हणणं. नेसीचा पत्ता, स्कॉटलंडच्या तलावातली. त्यावर तेच चित्र आहे जे जगानं पाहिलं, पाण्यातून वर आलेली लांब मान, १९३४ च्या फोटोवरून काढलेलं. तो फोटो बनावट होता, खेळण्यातल्या पाणबुडीवर मान बसवून काढलेला, हे १९९४ मध्ये जाहीर झालं, आणि पत्त्यावर मात्र लिहिलं आहे "फोटोत टिपलेली". हिमालयातल्या हिममानवाचं, यतीचं तसंच, "पुरावा: पायाचे ठसे". ठसे आहेत बरोबर, १९५१ मध्ये शिप्टन नावाच्या गिर्यारोहकानं एव्हरेस्टच्या बाजूला काढलेला फोटो लय गाजला, २०१९ मध्ये तर आपल्या आर्मीनं पण ठशांचे फोटो टाकले होते आणि लोकांनी मीम करून करून हैराण केलं. पण २०१७ मध्ये यतीचे म्हणून जपून ठेवलेले केस, हाड, दात, विष्ठा असे नऊ नमुने तपासले तर आठ निघाले अस्वलाचे आणि एक कुत्र्याचा. मी हे सांगितल्यावर भाचा एकदम गंभीर झाला आणि विचारते, "मामा, मंग त्यायनं यतीची शी कुठं ठेवली होती?" अजब बंगल्यात (आमचं म्युझियम) आहे का बघायला रविवारी जायचं ठरलं आहे, माझ्या तोंडूनच निघालं, आता निस्तरतो.

उलट एका डोळ्याच्या सायक्लॉप्सच्या पत्त्यावर छान लिहिलं आहे, की सिसिलीत बुटक्या हत्तींच्या जुन्या कवट्या सापडतात, हत्तीच्या कवटीला मधोमध सोंडेचं मोठं भोक असते, ते पाहून लोकांना एक डोळ्याचा राक्षस सुचला असेल असा एक अंदाज आहे. "असेल", "अंदाज" हे शब्द वापरले, बरं वाटलं. हा पत्ता वेगळ्याच माणसानं लिहिला असावा.

भाषांतर बऱ्याच ठिकाणी मशीनचं आहे, लपत नाही. रशियाच्या बाबा यागा या चेटकिणीची झोपडी कोंबडीच्या पायांवर उभी असते, फिरते, वळते, आणि ती स्वतः खलात बसून उडते, बत्त्यानं वल्हवते, झाडूनं मागचा माग पुसत जाते, काय कल्पना आहे! पत्त्यावर, "ती चिकन लेगवरील घरात राहते." भाच्यानं विचारलं सावजीवाल्याकडचा का. आता आमच्याकडं बाबा यागाचं घर तर्रीत बुडालेलं आहे, त्याला इलाज नाही.

आणि डब्यावर "वय ५+" छापलं आहे ते अजिबात ऐकू नका. फिलिपिन्सच्या मनाननगालचा पत्ता आहे, रात्री कमरेपासून दोन भाग होतात, वरचा भाग वटवाघळाच्या पंखांनी उडून जातो, खालचा तिथंच उभा. चित्रात आतडी लोंबताना दाखवली आहेत. बचाव दिला आहे (उरलेल्या भागावर मीठ किंवा लसूण टाका, मग तिला परत जुळता येत नाही) पण त्यानं रात्रीची झोप परत येत नाही, ताईनं मला फोनवर अर्धा तास ऐकवलं. ९ वर्षांच्या खाली असेल तर हा आणि मलेशियाच्या नुसत्या मुंडक्याचा असे दोन पत्ते आधीच काढून ठेवा.

माझ्या डब्यात आयर्लंडची बनशी दोनदा निघाली आणि मेडुसा नव्हतीच. दुकानदार म्हणे "पॅकिंग कंपनीची आहे भाऊ, आम्ही उघडून पाहत नाही". बनशी घरात कोणी मरणार असलं की आधी रडते, दोन बनशी म्हणजे काय समजायचं मी असं विचारल्यावर तो हसला, पण डबा बदलून मिळायला तिसरी चक्कर लागली. घेताना तिथंच मोजा.

सगळ्यात मोठी तक्रार आईची आहे. भारताचे पत्ते तीन, वेताळ, नाग आणि "चुडैल". मराठी डबा आणि मुंजा नाही, खवीस नाही, झोटिंग नाही, हडळीला हडळ म्हणायची पण लाज. तिचे पाय उलटे एवढंच लिहिलं आहे. आणि गंमत बघा, ब्राझीलच्या कुरुपिराचा पत्ता याच डब्यात आहे, जंगल राखणारा, लाल केसांचा, त्याचेही पाय उलटे, शिकारी त्याच्या पावलांमागं जातात आणि भलतीकडं पोचतात. दोन्ही पत्ते शेजारी ठेवले तर पोरं आपोआप बोलायला लागतात, कंपनीला दिसलंच नाही.

बरं, डब्यात दोन कोरे पत्ते आहेत, स्वतःचं भूत बनवायला, ही आयडिया मात्र झकास. पहिल्यावर भाच्यानं मारबत काढली, म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत आमच्याकडं मिरवतात तो मोठा पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ताईनं त्याला इतवारीत नेलं होतं, १८८१ पासूनची काळी आणि १८८५ पासूनची पिवळी, दोन्ही पाहिल्या, बडग्ये (तेही मिरवणुकीतले पुतळेच) पाहिले, गर्दीत चप्पल हरवून आला. उंची लिहिली "बिल्डिंगएवढी", भीती शून्य. मी म्हटलं शून्य काहून, तर म्हणे ती भीती घेऊन जाते ना, घेऊन जा गे मारबत. बचावच्या ठिकाणी लिहिलं, "चप्पल सांभाळा."

दुसरा कोरा पत्ता आईनं मागून घेतला, चकव्यासाठी. आईचं माहेर काटोलकडचं, तिच्या काकाला चकवा लागला होता म्हणते, रातभर स्वतःच्याच वावरात फिरत होता, घराचा दिवा दिसून राहिला पण वाट सापडेना. उपाय काय तर जिथं आहे तिथं बसून घ्यायचं, उजाडेस्तोवर उठायचं नाही. (इंग्लंडमध्ये डेव्हनकडच्या पिक्सी, म्हणजे छोट्या खोडकर पऱ्या, त्याही अशाच वाट चुकवतात, तिथं कोट उलटा करून घालतात.) मी स्केचपेन दिला, दोन दिवस पत्ता तिच्या उशाशी, काहीच काढलं नाही. विचारलं तर म्हणे, "त्याले रूपच नसते तं काय काढू?" म्हणून तो पत्ता तसाच कोरा आहे. नियम आईनंच केला, चकवा ज्याच्या हातात आला त्यानं पुढचे तीन डाव गप बसायचं. काल तिलाच आला, आणि चौथ्या डावापर्यंत ती खरंच एक शब्द बोलली नाही.