मिनिटाला ८६ रुपये: गेटवेसमोर शीड शिकताना

गेल्या रविवारी शिडाची बोट चालवायला शिकवणाऱ्या वर्गाचं आठवं आणि शेवटचं सत्र झालं. बोटीवर सहा शिकाऊ आणि सर, असे सात जण दाटीवाटीने बसलो होतो. पैसे भरण्याआधी हे कुणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून लिहितोय.

नौदलातले दिलीप दोंदे २०१० मध्ये ‘म्हादेई’ ही बोट एकट्याने जगाभोवती नेऊन मुंबईत परतले, तेव्हापासून शिडाची बोट मनात होती. नोव्हेंबरात या वर्गाला नाव घातलं ते ‘एका बोटीवर चारच जण’ या एका ओळीमुळे. तीन-तीन तासांची आठ सत्रं, १८ हजार रुपये. बोट जे-२४ या प्रकारची. तिच्यावर शर्यतीत साधारण पाच जण असतात, म्हणजे चौघे आणि सर हे गणित बरोबर बसतं. होडीने मूरिंगपर्यंत, म्हणजे बोट पाण्यात बांधून ठेवलेली असते तिथपर्यंत, जाणं आणि शिडं चढवणं-उतरवणं सोडलं तर दोन तास उरतात. प्रत्येकाच्या हाती टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, अर्धा तास, मिनिटाला ७५ रुपये. मी वहीत मिनिटं टिपत गेलो. आठपैकी तीनदा आम्ही सहा जण होतो, तेव्हा वाट्याला वीसच मिनिटं आली. एकूण २१० मिनिटं. म्हणजे मिनिटाला जवळपास ८६ रुपये पडले.

ऑफिसात विचारलं तर म्हणे, “तेवढी माणसं बोटीला झेपतात, सर.” झेपण्याचा प्रश्नच नव्हता. टॅक करताना, म्हणजे बोटीचं नाक वाऱ्यातून पलीकडे वळवताना, सहा जण बूमखालून (मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा) वाकून पलीकडे जाईपर्यंत बोटीचा वेग मरतो, जिबचा, म्हणजे पुढच्या शिडाचा, दोर कुणाच्या तरी पायाखाली सापडतो. टिलर धरलेल्याला आपलं काय चुकलं आणि गर्दीमुळे काय बिघडलं, हे कळतच नाही. मग शिकायचं कसं?

जानेवारीपर्यंत मला वाटायचं की टिलर हातात नाही तो वेळ वाया. हे मत आता राहिलेलं नाही. दोन सत्रं जिबच्या दोरावर बसलो आणि शिडावरचे लोकरीचे धागे वाचायला लागलो. वाऱ्याकडचा धागा फडफडला की दोर ओढायचा, पलीकडचा फडफडला की सैल सोडायचा. दुपारचा खारा वारा इथे वायव्येकडून, शहरावरून येतो आणि कुलाब्याच्या इमारतींमागे तुटक होतो. एक झोत, मग काहीच नाही. ते आधी धाग्यांवर दिसतं. नंतर टिलर हाती आलं तेव्हा पहिल्यांदाच बोट माझ्याशी भांडली नाही.

मार्चमधला एक दिवस तर सगळे पैसे फिटले असं वाटावं असा होता. उधाणाचे दिवस, मुंबई बंदरात तेव्हा भरती-ओहोटीच्या पाण्यात चार मीटरांहून जास्त फरक पडतो. परतताना वारा पडत आलेला, ओहोटी दक्षिणेला ओढतेय, बोटीचं नाक मूरिंगकडे आणि बोट भलतीकडेच. सर म्हणाले, “पाण्याकडे बघू नका. ताजचा घुमट आणि गेटवे एका रेषेत धरा. घुमट डावीकडे सरकला की समजा, तुम्ही दक्षिणेला चाललात.” घुमट सरकला की नाक थोडं उत्तरेला वळवायचं, असं करत सलग अर्धा तास मी ती रेषा धरून ठेवली आणि मूरिंगवर पोचलो. त्या दिवशी आम्ही चौघेच होतो. सहा जण असतो तर निम्म्या वाटेत टिलर दुसऱ्याला द्यावं लागलं असतं.

तक्रारीनंतर ऑफिसने एक रुपया परत केला नाही. सरांनी मात्र एप्रिलमध्ये एका सकाळी आपणहून बोलावलं. मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा, वारा मंदावलेला होता, तरी शिडावर येऊन मूरिंग पकडण्याचा सराव सहा वेळा करून घेतला. त्याचे पैसे घेतले नाहीत. शिकवणं उत्तम आहे, यात मला शंका नाही, आणि म्हणूनच ती सहा जणांची तीन सत्रं मनाला जास्त लागली.

आता पावसाळ्यासाठी बोटी पाण्याबाहेर जातील. पुढचा वर्ग ऑक्टोबरात आहे. पावतीवर ‘बोटीवर चार जण’ असं लिहून खाली सही दिली, तर पैसे त्याच दिवशी भरतो.